बासी ईदची डेग

ईदच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीत किंवा अकोल्यात गाडी पंक्चर झाली, की माणसाची फजिती होते. नेहमीच्या चौकातलं पंक्चरचं दुकान बंद. बाजूचा वेल्डिंगवाला बंद. फळांची गाडी उभी राहते त्या जागी चाकाला लावायचा दगड तेवढा पडलेला. टेलरच्या शटरवर खडूनं 'परसों' लिहिलेलं. "अहो, ईद तर काल झाली ना?" असं म्हणत गाडी ढकलत गेलेले बरेच वाचक असतील. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काल ईद होती, आज बासी ईद आहे. आणि तो पंक्चरवाला बायको, पोरं, म्हातारी आई आणि एक मोठी डेग टेम्पोत घालून गावाबाहेर गेला आहे.

बासी म्हणजे शिळी. नावावर जाऊ नये, शब्द लाडाचा आहे. धर्मात या दिवसाला वेगळं स्थान नाही. रमजान ईद शव्वाल महिन्याच्या पहिल्या तारखेची, एकाच दिवसाची. दुसऱ्या दिवशी ना खास नमाज, ना सरकारी सुटी. शाळा भरते, कचेऱ्या उघडतात, नोकरदाराला रजेचा अर्ज टाकावा लागतो. तरी वऱ्हाडातल्या मोहल्ल्यांनी हा दिवस आपला आपण घेऊन टाकला आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याची एका दिवसाची कमाई त्यात बुडते, आणि ती बुडवताना तो हिशेब करतोच. शिंप्याच्या घरी महिनाभर रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चाललेली असते. चांदरातीला शेवटचा कुर्ता हातात देऊन तो ईदची दुपार झोपून काढतो. त्याची ईद सुरू होते ती दुसऱ्या दिवशीच.

पण हा दिवस सगळ्यांत जास्त कुणाचा असेल, तर घरातल्या बाईचा. निदान असायला हवा.

रमजानवर दरवर्षी बरंच लिहिलं जातं. इफ्तारच्या भरल्या दस्तरखानाचे फोटो छापून येतात. तो दस्तरखान भरतं कोण, हे फोटोत दिसत नाही. मार्च महिन्यात आपल्याकडे सहेरीची वेळ पाच-सव्वापाचच्या सुमारास संपते. म्हणजे घरातली बाई साडेतीनला उठते. सगळ्यांना उठवते, गरम पोळ्या टाकते, स्वतः शेवटी दोन घास खाते आणि रोजाची नीयत करते. मग पोरांची शाळा. गेली काही वर्षं रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा शेजारी-शेजारी येत आहेत, त्यामुळं त्या पोराचं वेगळं. दुपारनंतर चण्याची डाळ भिजव, भजी तळ, फळं काप. वरुड-मोर्शीकडची संत्री याच दिवसांत बाजारात असतात, त्यामुळं इफ्तारच्या ताटात संत्र्याच्या फोडी हमखास. हे सगळं करणारीही रोजातच असते. मीठ बरोबर पडलं की नाही हे पाहायला जिभेच्या टोकावर चाखून थुंकण्याची मुभा शास्त्रात आहे, पण बहुतेक जणी तीही घेत नाहीत. घरातलं सहा-सात वर्षांचं पोर बोलावलं जातं आणि त्याच्या तळहातावर चमचाभर रस्सा टाकून विचारलं जातं, "देख बेटा, नमक बराबर है क्या?" रमजानातली ही नोकरी पोरांना फार आवडते.

असे एकोणतीस किंवा तीस दिवस. मग चंद्र दिसतो. अमरावतीच्या इतवारा बाजारात आणि अकोल्याच्या मोहम्मद अली रोडवर पाय ठेवायला जागा नसते, बांगड्या-मेंदीचा गजर चालू असतो. त्याच वेळी घरात बाई खारकांच्या बिया काढत, खोबरं कातत, पिस्ते सोलत बसलेली असते. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. शीरखुर्म्याचं नाव फारशी असलं, तरी ती रात्र पक्की आपल्याकडची. अर्धी रात्र त्यात जाते. सकाळी पुरुष मंडळी अत्तर लावून ईदगाहला जातात, गळाभेट घेत दहा घरांतून शीरखुर्मा पिऊन येतात. आणि त्या दहाही घरांत एकेक बाई पातेल्यापाशी उभी असते. संध्याकाळी पाहुणे संपतात तेव्हा मोरीत काचेच्या वाट्यांचा ढीग लागलेला असतो आणि तिच्या नव्या ओढणीला दुधाचा डाग.

सण म्हटला की घरातल्या बाईनं राबायचंच, ही काही एका धर्माची खासियत नाही. दिवाळीचा फराळ करणाऱ्या, महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक करणाऱ्या वाचक भगिनींना हे वेगळं सांगायला नको. पण ईदच्या बाबतीत एक जुनी गोष्ट आठवावी. बुखारी शरीफमध्ये ती आहे. ईदचा दिवस होता. मदिनेच्या मशिदीत काही हबशी लोक ढाली आणि भाले घेऊन खेळ करत होते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांना तो खेळ दाखवला. स्वतः आडोसा करून ते उभे राहिले आणि पाहून पाहून त्यांचं मन भरेपर्यंत तिथून हलले नाहीत. घरच्या बाईला ईदच्या दिवशी करमणूक मिळावी, आणि तिचं मन भरेपर्यंत मिळावी, हे त्या गोष्टीत आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या तकरीरींमध्ये ती जितकी यायला हवी तितकी येत नाही.

बासी ईदला मात्र ती न सांगता पाळली जाते. कुठं जायचं, हा प्रश्न पैशावर आणि उन्हावर ठरतो. चांद्र वर्षामुळं ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून या सहलीचं रूपही बदलत जातं. २०१६ साली ईद ७ जुलैला आली होती. चिखलदरा धुक्यात बुडालेला होता आणि लोक भिजत कणसं खात होते. नंतर ती मे-जूनमध्ये आली तेव्हा अकोल्याच्या उन्हात बाहेर पडायची कुणाची छाती नव्हती. बासी ईद कूलरसमोर टरबूज खात साजरी झाली. २०२० आणि २०२१ ला दारंच बंद होती. आता ती मार्चमध्ये आली आहे. सकाळी गारवा, दुपारी ऊन, झाडाखाली सावली. वऱ्हाडातल्या सहलीसाठी याहून बरा महिना नाही.

अमरावतीकरांना वडाळीचा तलाव आणि बांबू उद्यान आहे, छत्री तलाव आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही ते ऑटोत दोन फेऱ्या करून अख्खं घर तिथं नेतात. पोरं झोके घेतात आणि बायका काठावर बसून गिला वडा खातात, दुसऱ्याच्या हातचा. पैसे असले तर परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा. विदर्भाचं हे थंड हवेचं ठिकाण अकराशे मीटरच्या वर आहे. तिथला गाविलगड पाहायला गेलेल्यांनी दरवाजावरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी जरूर पाहावा. वऱ्हाडच्या इमादशाहीचं ते चिन्ह. त्या घराण्याचा मूळपुरुष फतहुल्ला इमादुलमुल्क हा जन्मानं विजयनगरकडचा हिंदू होता, असं जुने इतिहासकार लिहितात. त्याची राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर. अचलपूरच्या लोकांना चिखलदरा लांब वाटला तर त्यांचा हौज कटोरा जवळच आहे.

अकोल्याच्या लोकांची पहिली पसंती काटेपूर्णेवरचं महानचं धरण. वर्षभर ज्याचं पाणी नळाला येतं, ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यायचं. (पाहून घ्यायचंच, उतरायचं नाही. काठावरचा गाळ फसवा असतो आणि सणाच्या दिवशीच घरावर संकट येतं.) कुणी बाळापूरला जातं. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ मिर्झाराजे जयसिंगाची दगडी छत्री उभी आहे. औरंगजेबाचा हा राजपूत सरदार १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला वारला. त्याच्या छत्रीच्या कमानीखाली बासी ईदच्या दुपारी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका पाय पसरून पान लावत बसतात. जवळचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहानं सुरू केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईल खान यानं १७५७ मध्ये पुरा केला. तरुण पोरांची गँग असेल तर अकोटच्या पुढं शहानूरवरून नरनाळा गाठते, नऊगजी तोफेवर बसून फोटो काढते आणि उन्हानं काळी होऊन परत येते.

पूर्वी या सहलीत शकुंतला रेल्वेही असायची. मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग. दर्यापूर-अंजनगावच्या लेकी ईदनंतर माहेरी जायच्या त्या याच गाडीनं. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं आणि तिच्या चालीत डबा उघडून, खाऊन, हात धुऊन पुन्हा डबा बांधण्याइतका निवांतपणा होता. ती गाडी आता धावत नाही.

जागा ठरली की जेवण ठरतं. गाविलगड आणि नरनाळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात, तिथं चूल पेटवता येत नाही, पेटवूही नये. म्हणून तिकडं जाणारे पहाटेच पुलाव दम देऊन, डेगचीचं झाकण कणकेनं बंद करून, वर जुनी गोधडी गुंडाळून नेतात. दोन-तीन तासांनी उघडला तरी वाफ निघते. सोबत कांद्याचं रायतं, आणि रात्रभरात घट्ट झालेला कालचा शीरखुर्मा. पहिल्या दिवशी तो पितात, दुसऱ्या दिवशी चमच्यानं खातात. थंड, दाट, शेवया दूध पिऊन फुगलेल्या. 'बासी'चा खरा मान त्या डब्याला.

पण बासी ईदची असली मजा चुलीवर. आणि चूल पेटते ती बहुधा कुणाच्या तरी शेतात. हे शेत अनेकदा दोस्ताचं असतं, आणि तो दोस्त पाटील, देशमुख, इंगळे, कुणीही असू शकतो. आठवडाभर आधीच त्याचा निरोप येतो, "वावरात या, विहिरीले पानी हाय, आंब्याखाली सावली हाय, अजून काय पाह्यजे?" मार्चात हरभरा निघालेला असतो, गहू पिवळा पडलेला असतो आणि बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग. कपाशीच्या त्या काड्या भडकन पेटतात आणि तशाच विझतात. पाणी उकळायला, कांदा तळायला त्या चांगल्या. भाताला दम द्यायचा तर बाभळीचे निखारे लागतात. हे सगळं ठाऊक असलेला एकेक चाचा प्रत्येक खानदानात असतो. एरवी घरात चहाचा कपही न उचलणारा हा माणूस त्या दिवशी बनियनवर उभा राहून डेगेत डाव फिरवतो.

डेगेत असतो दालचा. तुरीची आणि चण्याची डाळ, मटण, दुधीचे मोठे तुकडे, चिंचेचा कोळ, वरून कढीपत्ता आणि लाल मिरचीचा बघार. सोबत खडा मसाला घालून केलेला भात. लग्नाच्या पंगतीत, चाळिसाव्याच्या जेवणात, कुठंही हेच. १८५३ पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या निजामाकडे होता, तेव्हा चवीत तिकडची आंबट-तिखट बाजू आली असेल तर नवल नाही. पण तूर इथली. डाळ मिलच्या अकोल्यात तुरीला कोण बाहेरची म्हणेल! आजारातून उठलेल्या माणसाला, परीक्षेहून आलेल्या पोराला, सासरहून आलेल्या लेकीला काय खायचं विचारा, दहातले आठ जण दालचा-चावलच सांगतील. बिर्याणी मिरवायची. दालचा पोटाला लागतो.

शेतमालकाचं घर शाकाहारी असेल तर मटण पडायच्या आधीच डाळ-दुधीचा एक वेगळा टोप काढून ठेवतात, त्याचा डावही वेगळा. त्याच्याकडून रोडगे येतात. गव्हाच्या कणकेचे घडीचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडले की आत पापुद्रे, वर तूप. सोबत वांग्याची भाजी. रोडगे दालच्यात कुस्करून खाल्ले तर काय होतं, हे ज्यानं खाल्लं नाही त्याला शब्दांत सांगता येणार नाही. बहिरमच्या यात्रेत हंडीतलं मटण आणि रोडगे खाणाऱ्या अमरावती जिल्ह्याला ही कल्पना नवी नाही. तिथंही पुष्कळदा हंडीपाशी पुरुषच दिसतात. घराबाहेर चूल मांडली की वऱ्हाडी पुरुषाला स्वयंपाक येतो. घरातल्या गॅसपुढं तो विसरतो.

आणि इथंच थोडं खरं बोलायला हवं. "आज भाभी, तुमी बसा, काही करू नका," असं शेतमालक म्हणतो. "अम्मी, आज आप आराम करो," असं मुलगा म्हणतो. बाया आंब्याखाली सतरंजीवर बसतातही. पण आदल्या रात्री, ईदच्या त्या वाट्या घासून झाल्यावर, पाच किलो कांदा कुणी चिरला? आलं-लसूण कुणी वाटलं? गरम मसाल्याची, हळदीची, तिखटाची वेगवेगळी पुडकी बांधून, कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे सांगून डबा कुणी भरला? त्यांनीच. चाचा डेगेत पुडी रिकामी करतो आणि सगळे म्हणतात, "वाह, क्या हाथ है!" बाया एकमेकींकडे पाहून हसतात. तरीही त्या दिवसाबद्दल कुरकुर करणारी बाई सापडणं कठीण. वर्षातून एकदा ताट समोर वाढून येतं, गरम येतं आणि 'अजून घ्या' म्हणणारा दुसरा कुणी असतो. एखादी दादी बसल्या जागेवरून ओरडते, "अरे, नमक देख के डालना!" आणि यंदा चाखून पाहायला पोर लागत नाही. सगळ्यांचेच रोजे सुटलेले.

अलीकडे या डेगेला स्पर्धा आली आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोल्यादरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, ते वाचकांना आठवत असेल. त्याआधीच्या खड्ड्यांतून डेगेतला रस्सा सांडल्याशिवाय नेणं हे खरं कसब होतं. रस्ता गुळगुळीत झाला आणि त्याच्या कडेला फॅमिली ढाबे वाढले. आता नव्या सुना म्हणतात, कांदाही नको आणि मसालाही नको, सरळ ढाब्यावर जाऊ. बूढ्यांना हे पटत नाही. बाहेरचं खाणं म्हणजे पैशाची उधळण, चव एकसारखी, तेल फार, आणि मांस हलाल आहे की नाही ही चौकशी वेगळी. यातलं काही खरंही आहे. आठ-दहा जणांचं बिल पंक्चरच्या दुकानाच्या दोन-तीन दिवसांच्या कमाईइतकं होतं. पण 'घरच्यासारखी चव नाही' ही तक्रार करणाऱ्यांत घरी स्वयंपाक करणाऱ्या फार थोड्या असतात, हेही लक्षात घ्यावं. ढाब्यावर जाणाऱ्या सुनेला कांदा खरंच चिरावा लागत नाही. तिनं ढाबा मागितला तर तिचं काय चुकलं?

काही घरांनी मधला रस्ता काढला आहे. एका वर्षी शेत, एका वर्षी ढाबा. काही ठिकाणी सकाळी जवळचा तलाव आणि रात्री फालूदा. ज्यांना यातलं काहीच परवडत नाही त्यांच्या घरी शेजारचे टेम्पोत जागा करून देतात. एक माणूस जास्त झाला तर डेगेत एक तांब्या पाणी जास्त, इतकंच.

शेजाऱ्यांवरून आठवलं. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ ला ईद. दोन्ही बाजूंच्या भिंतीवरून एका दिवशी श्रीखंड आलं आणि दुसऱ्या दिवशी शेवया गेल्या. ज्या घरी शिजवलेलं चालत नाही त्यांच्याकडे कच्च्या शेवया, साखर, खारीक-खोबरं आणि दूध असा शिधा पाठवायची पद्धत वऱ्हाडात जुनी आहे. घेणाऱ्या काकू तो शिधा आपल्या भांड्यात शिजवतात आणि वर विचारतात, "भाभी, उद्या तुमी वावरात चालल्या म्हणता, तं आमचे रोडगे कोन नेनार?"

राहिली डेग. चाळीस माणसांची डेग फार थोड्या घरांत असते, ती बिछायत केंद्रातून भाड्यानं आणतात. बासी ईदला तिथं सकाळी सातपासून रांग. बिछायतवाल्याचा नियम एकच, बूड काळं असेल तर डेग परत घेतली जाणार नाही, धुलाईचे पैसे कापले जातील. त्यामुळं असरची नमाज झाली, चहा झाला, की चाचा, दोन पुतणे आणि शेतमालकाचा मुलगा विहिरीपाशी डेग आडवी करतात. राख, रेती आणि नारळाच्या काथ्यानं घासायला लागतात. बाया सतरंजी झटकून टेम्पोत जाऊन बसतात. डेग घासून होईपर्यंत टेम्पो निघत नाही.